एकटा कसला, अख्खी थडी सोबत होती

मागच्या अंकात माझा होडीप्रवासाचा लेख आला आणि संपादकांनी वाचकांच्या पत्रांचा गठ्ठाच माझ्या घरी पाठवून दिला. पस्तीस वर्षं खांबावर चढण्यात गेली, लिहिण्याचा हात नाही. तरी जमेल तशी उत्तरं देतो.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला लाइनमन. वय ६१. गाव गंगाखेड तालुक्यात, अगदी गंगेच्या थडीला, म्हणजे काठाला. आमच्याकडं बोलताना गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिणार. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कायगाव टोक्याला, प्रवरासंगमापाशी, होडी पाण्यात घातली. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, ओलांडला, पैठणपासून खाली येत राहिलो आणि अठराव्या दिवशी नांदेडला नगिना घाटाला लागलो. मोबाइलच्या मोजणीनं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास झालं.

प्रश्न : गंगाखेडला मी दहा वर्षं नोकरी केली. फेब्रुवारीनंतर पुलावरून खाली बघितलं की वाळूच दिसायची. तुम्ही होडी नेमकी कशातून नेली?
(एक निवृत्त शिक्षिका, वसमत)

बाई, तुमची शंका खरी आहे. लेखात मी ती गोष्ट चलाखीनं टाळली होती, हेही कबूल करतो. ‘नदीतून प्रवास’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं वाहतं पाणी येतं. पैठणच्या खाली हिवाळ्यात गंगा वाहत नाही, ती अडवलेली असते. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस, अंतेश्वर, विष्णुपुरी, असे एकाखाली एक बंधारे आहेत. पाऊस सरला की दारं टाकतात आणि प्रत्येक भिंतीमागं एक लांबोळकं तळं साठतं. नकाशावर निळी रेघ दिसते ती एक आहे. होडीत बसलेल्याला मात्र तो जिना लागतो.

त्यातली एक पायरी कशी उतरायची ते सांगतो. सकाळी तळ्याच्या शेपटाकडून निघायचं. तिथं पाणी घोट्याएवढं, म्हणून होडीला दोर बांधून बैलासारखं ओढत चालायचं. पाणी मांडीला लागलं की बसायचं. मग पुढं तासन् तास हिरवं, गार, न हलणारं पाणी. प्रवाहाची मदत शून्य. वल्हं थांबलं की होडी थांबली. बंधारा जवळ आल्याचं कानाला कळत नाही, कारण वरून पाणी पडतच नसतं. समोर एक आडवी राखाडी पट्टी दिसते आणि ती हळूहळू जाड होत जाते. मग काठाला लागायचं, सामान उतरवायचं, दगडी पिचिंगवरून, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवरून, होडी वर चढवायची. होडी २४ किलोची, सामान साधारण तेवढंच, म्हणजे दोन खेपा. पलीकडं उतरलं की खडक, शेवाळलेली डबकी आणि वाळू. कुठं एक किलोमीटर, कुठं चार. मग पुढच्या तळ्याचं शेपूट.

होडी चालवायला मी मालवणला शिकलो. तिथल्याच एका माणसाकडून ही प्लास्टिकची, वर बसायची कयाक जुनी म्हणून घेतली. पण बंधारे ओलांडायची अक्कल मालवणच्या खाडीत कुठून मिळणार? त्यासाठी आमच्या गावातल्या वेल्डिंगवाल्यानं ट्रॉली करून दिली. लहान लेकरांच्या सायकलची दोन चाकं, मधे पाऊण इंची पाइप, वर टायरच्या ट्यूबचे पट्टे. राजाटाकळीला डाव्या चाकाच्या चार तारा तुटल्या. तिथून पुढं ती ट्रॉली लंगडतच आली आणि ओढणाराही.

या कोरड्या पट्ट्यांत एकच गोष्ट जिवावर बेतणारी आहे, ती म्हणजे वाळूचे खड्डे. वाळू उपसून नेलेली जागा वरून ओळखू येत नाही. घोट्याएवढ्या पाण्यातून चालताना पुढचं पाऊल दोन पुरुष खोलात जातं, आणि खड्ड्याची कड वाळूची असल्यामुळं धरायला काही नसतं. आमच्या भागात दर वर्षी पोहता येणारी पोरंसुद्धा अशा खड्ड्यांत जातात. मी प्रत्येक पावलाआधी वल्हं टेकवून बघत होतो. लाइफ जॅकेट खोल पाण्यात घालायचं आणि उथळात काढायचं, ही चूक कुणी करू नये. मी तर वाळूत ओढत चालतानाही ते काढलं नाही. काठावरची पोरं हसली, हसू दिली.

तुमच्या गंगाखेडच्या अलीकडं पाच-सहा किलोमीटर मी होडीत बसलोच नाही. संत जनाबाईच्या गावात मी ट्रॉली ओढत आलो. आणि तिथं ज्यांच्या घरचं मीटर मी एकदा कापलं होतं त्यांनीच चाकाला तार बांधून दिली.

प्रश्न : पैठणला तुम्ही होडी टेम्पोत घातली असं लेखातच लिहिलंय. मग शीर्षकात ‘संपूर्ण नदीमार्गे’ कसं?
(एक वाचक, बीड)

‘संपूर्ण’ हा शब्द संपादकांचा. माझ्या वहीत नव्हता.

धरणापाशी दुसरा इलाज नाही. जायकवाडीचा बांध जवळपास १० किलोमीटर लांब आहे, सांडव्याला २७ दरवाजे आहेत आणि भिंतीजवळ होडी नेता येत नाही, नेऊही नये. मी बरंच अलीकडं काठाला लागलो आणि एका छोट्या हत्तीवाल्याला ८०० रुपये देऊन होडी नागघाटाखाली आणली. पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींच्या. मधल्या काळात, बहात्तरच्या दुष्काळात, माझे वडील आणि चुलते या बांधाच्या मातीकामावर होते. टेम्पोत बसून त्या मातीकडं बघताना मला तुमच्याइतकीच लाज वाटली. बेरजेतून ते बारा किलोमीटर वजा करून टाका.

प्रश्न : जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो. आवर्तन सुरू असताना त्याला चांगला वेग असतो. बंधारे चढत बसण्यापेक्षा कालव्यातूनच का नाही आलात?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मानवत)

बाळा, हे वाचून मी आधी हसलो आणि मग घाबरलो. म्हणून उत्तर स्पष्ट देतो. कालव्यात होडी घालायची नाही. पोहायचंही नाही.

तुझं म्हणणं नकाशावर बरोबर आहे. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, माजलगावकडं जाणारा उजवा १३२ किलोमीटरचा, आणि हिवाळ्यात नदीपेक्षा खरं वाहतं पाणी त्यांच्यातच असतं. पण नदीला काठ असतो, कालव्याला उतार असतो. सिमेंटचा, शेवाळलेला, दोन्हीकडून सारखा. म्हैस पडली तरी दोर लावल्याशिवाय निघत नाही. मधे दारं आहेत, आणि ओढ्याखालून पाणी नेणारे सायफन आहेत. सायफनच्या तोंडाशी पाणी वरून शांत दिसतं आणि आतून ओढतं. माझ्या नोकरीत कालव्याकाठच्या खांबांवर काम करताना आम्ही कमरेचा पट्टा खांबाला लावायचो आणि वर दुसरा दोर काठावरच्या झाडाला. कालवा हा पाइप आहे, फक्त वरून उघडा.

प्रश्न : नाथसागरात लाटा येतात का हो? आमचं गाव बॅकवॉटरला आहे, पण आजोबा पाण्यात जाऊ देत नाहीत.
(इयत्ता नववीतली वाचक, गंगापूर तालुका)

आजोबांचं ऐक. आता माझं काय झालं ते सांगतो, म्हणजे ते का अडवतात हे कळेल.

पहिला दिवस छान गेला. टोक्याच्या सिद्धेश्वराला नमस्कार करून निघालो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि मला वाटलं, आपण हे काम तिशीतच करायला हवं होतं. कायगावच्या पुलावरून जाणारे ट्रक दिसत नव्हते, नुसता हॉर्न ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी पाणी इतकं पसरलं की पलीकडचा काठ म्हणजे एक काजळाची रेघ राहिली. नाथसागर लांबीला ५५ किलोमीटर आणि रुंदीला काही ठिकाणी २७ किलोमीटर आहे हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. चक्रवाक बदकांची जोडी माझ्यापुढं उडायची, बसायची, मी जवळ गेलो की परत उडायची. त्यांच्या नादानं मी काठ सोडला आणि आखातासारखा एक भाग सरळ कापायला निघालो. वळसा वाचणार होता सहा किलोमीटरचा.

अकराच्या सुमाराला डावीकडून वारा सुटला. हिवाळ्यात आपल्याकडं वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. मी चाललो होतो आग्नेयेला, म्हणजे तो बरोबर कुशीत. नाथसागर पसरलेला आहे तसा उथळही आहे, आणि उथळ पाण्यात लाट लांब होत नाही, आखूड आणि उभी होते. मालवणला मोठ्या लाटेवर होडी चढते आणि उतरते. इथं चढायला वेळच मिळत नाही. एक लाट मांडीवर, दुसरी लगेच पाठोपाठ. उंची फार नव्हती, दीड-दोन फूट असेल. पण प्रत्येक लाटेला होडीचं नाक वाऱ्यापासून फिरायचं आणि मी उजव्या बाजूला दोन वल्ही जास्त मारून ते परत आणायचो. असं पाऊण तास. तळहाताला फोड आला, फुटला आणि वल्ह्याची दांडी निसटायला लागली. काठ जवळ येत नव्हता.

शेवटी पैठणचा नाद सोडला आणि वाऱ्याला पाठ देऊन जिकडं नेईल तिकडं गेलो. त्यानं नेलं वेड्या बाभळीच्या रानात. पाणी चढलं की काठच्या बाभळी अर्ध्या बुडतात, नुसते शेंडे वर राहतात. त्या शेंड्यांत होडी घुसली आणि लाट मेली. बाभळीच्या काट्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या, त्या दिवशी दोन्ही हातांनी फांदी धरून बसलो. अडीच तास. सोबत पाण्याची बाटली होती आणि ती हात सोडल्याशिवाय उघडता येत नव्हती.

चारच्या पुढं वारा पडला. जाळं टाकायला एक जण चप्पू घेऊन आला. चप्पू म्हणजे थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेला तराफा, हातात वल्हं म्हणून फळीचा तुकडा. त्यानं मला, माझ्या पिवळ्या कयाकला आणि माझ्या लाल जॅकेटला नीट बघून घेतलं.

“दादा, दुपारचं सागरात कोन येतं व्हय? आमी नऊलाच भायेर असतो.”

एवढंच म्हणाला आणि पुढं होऊन वाट दाखवायला लागला. पंचवीस हजारांच्या होडीला थर्माकोल वाट दाखवत होतं. त्या दिवसापासून मी पहाटे पाचला निघून दहाच्या आत काठाला लागायचो. नाथसागराला त्यामुळं दोन दिवसांऐवजी चार लागले.

आणि पोरी, तुझ्याच तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची लेकरं शाळेसाठी थर्माकोलवर बसून पाणी ओलांडतात ही बातमी २०२३ मध्ये सगळीकडं गाजली होती. मी हौसेनं लाइफ जॅकेट घालून जे केलं ते त्यांना रोज दप्तर घेऊन करावं लागत होतं. माझ्या धाडसाचं कौतुक करणारी चौदा पत्रं या गठ्ठ्यात आहेत. त्या लेकरांना किती गेली असतील?

प्रश्न : रात्री काठावर एकटे झोपताना सर्वांत जास्त भीती कशाची वाटली? साप, बिबट्या, की मगर?
(एक वाचक, सेलू)

वायरची.

तुम्हाला गंमत वाटेल, पण मी धंद्याचं बोलतोय. पैठणपासून नांदेडपर्यंत दोन्ही थड्यांना ऊस आणि उसासाठी पंप. पाच एचपी, साडेसात एचपी, काही ठिकाणी ओळीनं वीस-वीस. पाणी उतरलं की शेतकरी पंप पुढं सरकवतो आणि केबलला जोड देतो. तो जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुतळीनं बांधलेला, आणि पिशवी पाण्यात. स्टार्टरचा डबा बाभळीच्या फांदीला टांगलेला, झाकण नाही. मी असे जोड बघून जागच्या जागी होडी वळवलेली आहे. होडी प्लास्टिकची, पण उतरताना पाय ओलेच असतात.

म्हणून काठाला लागायची माझी पद्धत ठरलेली होती. जिथं म्हशी पाण्यात बसल्यात तिथं उतरायचं. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळं जमिनीतला करंट त्याला माणसाच्या आधी आणि जास्त लागतो. जिथं उतरताना झटका बसतो त्या जागेला म्हैस पुन्हा पाय लावत नाही. घाट असला तर उत्तमच. पंपांची रांग दिसली की शंभर पावलं सोडून पुढं जायचं, मग कितीही दमलेलं असो.

सापाचं म्हणाल तर धामण दिसली, पाणदिवड दिसले. मगर एकही दिसली नाही. बिबट्याच्या गोष्टी मात्र गेवराई भागात प्रत्येक मुक्कामाला ऐकल्या. उसात तो खरोखरच राहतो, म्हणून उसाच्या कडेला तंबू ठोकला नाही. देवळाचा ओटा, बंधाऱ्याच्या चौकीदाराची खोली, एकदा ट्रॅक्टरची ट्रॉली, असं झोपलो.

प्रश्न : अठरा दिवस एकटं राहून कंटाळा नाही आला? मला तर एक दिवस करमत नाही.
(गृहिणी, परभणी)

ताई, ‘एकट्याने’ हा शब्द माझ्या लेखात सात वेळा आलाय, मी मोजला. आता मागं घ्यावासा वाटतो.

शेतीच्या लाइनचा नियम तुम्हाला ठाऊक असेल. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मी निघालो तेव्हा बऱ्याच गावांत रात्रीची पाळी होती. म्हणजे रात्री बारा-एकला मी झोपलेला असायचो आणि थडीवर बॅटऱ्या चमकायला लागायच्या. लाइन आली की मोटार चालू करायला माणसं गंगेवर. तोंडाला मफलर, हातात काठी, मोबाइलवर भजन. मग तंबूवर प्रकाश पडायचा. “कोन हाय?” “मी हाय, होडीवाला.” “होडीवाला म्हंजे?” आणि पुढचा तासभर गप्पा. एकानं तर ओळखलंच. अंबड तालुक्यातला माणूस, पण सासुरवाडी आमच्या सेक्शनमधली. त्याच्या मागच्या तारेवर आकडा टाकलेला मला अंधारातही दिसत होता आणि मला दिसतोय हे त्याला दिसत होतं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग म्हणाला, “सायेब, आता रिटायर झालाव ना? मग बसा की, चहा करू.”

चहा झाला. काळा, गुळाचा.

एक-दोन जणांनी माझ्यासाठी घरून भाकरी मागवली, रात्री दीडला. मी शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या चार दिवसांच्या घेऊन निघालो होतो, त्या आठव्या दिवशी पैठणखालच्या एका गुराख्याला दिल्या, कारण माझ्याकडं ताजं इतकं जमलं होतं. पिण्याचं पाणी गावातल्या फिल्टरवरून पाच लिटरच्या कॅनमध्ये. नदीचं पाणी उकळूनही प्यायलो नाही, नांदेडच्या जवळ तर हात धुवायलाही नको वाटलं.

घरच्यांनी कसं सोडलं, असंही कुणीतरी विचारलंय. मंडळी म्हणाली, “तुम्ही खांबावर होता तेव्हा मी रोजच काळजी केली, आता पाण्यात काय वेगळं?” आणि चौदाव्या दिवशी आमच्या गावच्या घाटावर धुतलेली कपडे घेऊन उभी होती. जुने कपडे घेतले, नवे दिले, होडीत किती घाण झालीय ते बघितलं आणि गेली.

प्रश्न : राक्षसभुवनची लढाई गंगेच्या काठी झाली. तुम्ही तिथून गेलात, काही खाणाखुणा दिसल्या का?
(इतिहासप्रेमी, गेवराई)

खाणाखुणा नाही दिसल्या. शनीचं देऊळ आहे, शनिवार नसल्यानं शांत होतं. पण एक गोष्ट तिथं पाण्यात बसून कळली, ती सांगतो.

ही लढाई १० ऑगस्ट १७६३ची. निजामअलीचं सैन्य गंगा ओलांडून उत्तरेला चाललं होतं. निजाम स्वतः पलीकडं पोहोचला, पण दिवाण विठ्ठल सुंदर मोठ्या फौजेसह अजून अलीकडच्या, दक्षिण थडीवर होता. मराठ्यांनी त्याला तिथं गाठलं. राघोबादादा घेरले गेले होते, त्यांना तरुण माधवराव पेशव्यांनी सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. आणि निजाम समोरच्या काठावर असून काही करू शकला नाही, कारण मधे पुराची गंगा.

शाळेत हे शिकताना मला वाटायचं, नदी ती केवढी, उतरला का नाही? मी गेलो तेव्हा बंधाऱ्याचं पाणी साठलेलं होतं, तरी माझ्या होडीला सावकाश पलीकडं जायला दहा-बारा मिनिटं लागली. पण काठाची दरड बघा. पुराच्या खुणा माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, बाभळीच्या फांद्यांत अडकलेल्या चिंध्या आणि उसाची पाचटं. त्या उंचीपर्यंत गढूळ पाणी भरलंय आणि ऑगस्टच्या वेगानं चाललंय असं डोळ्यांपुढं आणलं की निजामाची अडचण लगेच समजते. त्या पाण्यात घोडा नाही टिकत, हत्तीही बिचकेल. आज तशीच लढाई झाली असती तर धरणातून विसर्ग किती, हे आधी कुणीतरी विचारलं असतं.

प्रश्न : गंगा झाली, आता आमच्या कंधारच्या तलावाकडे कधी येणार? राष्ट्रकूटांचा तलाव आहे.
(एक वाचक, कंधार)

साहेब, येऊन गेलो. निघण्याआधी वल्हवायचा सराव जगत्तुंग समुद्रातच केला. हजारएक वर्षांपूर्वीच्या माणसांनी एका तलावाला ‘समुद्र’ म्हणावं, हे मला फार आवडलं. ज्यांच्याकडं पाऊस बेभरवशाचा त्यांनाच साठलेल्या पाण्याची अशी किंमत असते. तलावातून किल्ल्याकडं बघत वल्हवलं की हात दुखत नाहीत.

नळदुर्गला मात्र होडी नेली नाही, नुसता बघायला गेलो. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बंधारा बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल केला. वरून नदी पडत असताना आत कोरडं उभं राहता येतं. आम्ही विजेवाले पाणी आणि कोरडी जागा यांच्यातल्या अंतरावरच जगतो, म्हणून त्या गवंड्याला मनातून हात जोडले.

प्रश्न : परवानगी कुणाची घेतली? आम्हा चार मित्रांना जायचं आहे.
(एक वाचक, जालना)

नाथसागराचा परिसर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून वन विभागाला आधी विचारा. धरण आणि बंधारे जलसंपदा खात्याचे, त्यांनाही लेखी कळवा. काठच्या पोलीस ठाण्यांना तारखा द्या. मला एका कचेरीत पाच चकरा झाल्या. तिथल्या कारकुनाचं म्हणणं, मासेमारीचा अर्ज आहे, वाळूचा अर्ज आहे, नुसतं जायचा अर्जच नाही. शेवटी माझ्याच कागदावर ‘पोहोच’ असा शिक्का घेऊन निघालो. चौघं जाणार असाल तर चारही जणांना पोहता आलं पाहिजे, आणि तारीख दिवाळीनंतरची धरा. बंधाऱ्यांत पाणी असतं आणि ऊन सोसतं. फ्लेमिंगो बघायचे तर जानेवारी, पण मग खालच्या पट्ट्यात वाळू जास्त ओढावी लागेल.

प्रश्न : नांदेडला का थांबलात? गंगा पुढं बासरला जाते की.
(एक वाचक, धर्माबाद)

थांबलो कारण खांदा थांबला. विष्णुपुरीचा शंकरसागर मोठा आहे, तिथं पाणीही छान, पण त्याखाली शहराजवळ जलपर्णीचा गालिचा लागला. त्यात वल्हं घालायचं म्हणजे ओल्या गोधडीत काठी घालण्यासारखं. शेवटचे दोन किलोमीटर तीन तासांत आलो. नगिना घाटावर होडी ठेवली, एका सेवादारानं तिला साखळी लावून दिली, आणि सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये चिखलाच्या पायांनी, म्हणजे पाय धुऊनच, पण पँट चिखलाची, जेवलो. डाळ तीन वेळा घेतली.

तुमच्या बाजूला येणार आहे. आमदुरा, बळेगाव आणि मग बाभळी, हे पुढचे बंधारे. बाभळीचं वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ असणार. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१३च्या निकालाप्रमाणं १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली तेलंगणाला सोडायचं. म्हणजे मला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मधेच यावं लागेल, नाहीतर तुमच्याकडंही दोर बांधून ओढतच चालायचं. कंदकुर्तीला मांजरा मिळते तिथपर्यंत जायचा विचार आहे, बासरचं तेव्हाचं तेव्हा. तारीख ठरली की कळवतो. तोवर ट्रॉलीची दोन्ही चाकं बदलून घेतोय, या वेळेला स्कूटीची टाकणार. आणि धर्माबादला कुणाकडं सायकल पंप असेल तर काढून ठेवा, माझा मुदगलला राहिला.